शेऱ्याला उत्तर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांच्या सभेपुढे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी तालीमचे महत्त्व सांगितले जाते. ते आता आपल्या समाजाला पटले आहे. समोर बसलेल्या मुलींची संख्याच त्याची साक्ष देते. म्हणून शिक्षण घ्या, हे सांगण्यासाठी मी आज उभा नाही. शिक्षण घेऊन, नोकरी मिळवून जी मुले घराबाहेर पडली, त्यांच्यापुढे पहिल्याच वर्षी एक अडचण उभी राहते. आपण केलेल्या कामावर दुसऱ्याने शेरे लिहिले, तर त्यांना उत्तर कसे द्यावे? विषय लहान दिसतो. पण या एका गोष्टीवरून चांगली चांगली मुले खचताना, रुसताना, प्रसंगी नोकरी सोडून परत येताना मी पाहिली आहेत.

आपल्या शाळेतून गेलेली बरीच मुले-मुली आज पुण्या-मुंबईला संगणकाच्या कामात आहेत. त्यांतील पुष्कळांना पहिले काम मिळते ते टेस्टिंगचे, म्हणजे तयार झालेला प्रोग्राम नीट चालतो की नाही हे तपासण्याचे. तेव्हा उदाहरणही मी याच कामातले घेणार आहे. पालकांनी घाबरू नये. ज्यांनी मोबाईलवर एखादा अर्ज भरला आहे त्यांना हे सर्व समजेल.

समजा, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज आहे. नाव लिहायचे, मोबाईल नंबर टाकायचा, जिल्हा निवडायचा, उत्पन्न भरायचे आणि ‘दाखल करा’ हे बटन दाबायचे. हा अर्ज बरोबर चालतो की नाही हे पाहायचे, तर माणसाला तो स्वतः भरून पाहावा लागेल. अर्जात काही बदल झाला की पुन्हा भरून पाहावा लागेल. आठवड्यातून दहा वेळा बदल झाला तर दहा वेळा. माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस चुका पाहत नाही. म्हणून हे काम संगणकालाच शिकवले जाते. पान उघड, अमुक रकान्यात अमुक लिही, बटन दाब, आणि पडद्यावर काय आले ते पाहून पास की नापास ते सांग, अशी सूचनांची यादी लिहून ठेवतात. त्याला ऑटोमेटेड टेस्ट म्हणतात. या कामासाठी सेलेनियम नावाचे साधन २००४ साली शिकागोमध्ये थॉटवर्क्स कंपनीतील जेसन हगिन्स यांनी सुरू केले. २०१८ मध्ये ब्राउझर चालवण्याच्या या पद्धतीला जागतिक मानकाचे रूप मिळाले. २०२० पासून मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट हे साधनही आले. साधने बदलतात, कामाचे स्वरूप तेच राहते.

थोडक्यात, टेस्ट लिहिणारा हा परीक्षक असतो. परीक्षकच चुकला तर काय होईल? नापास व्हायला हवा तो प्रोग्राम पास होईल, आणि तो बिनधास्तपणे लोकांच्या हाती जाईल. म्हणून परीक्षकाचेही काम दुसऱ्या कोणीतरी वाचून पाहिले पाहिजे, असा या क्षेत्रात शिरस्ता आहे. लिहिलेली टेस्ट मूळ कामात मिसळण्यापूर्वी सहकारी ती ओळीओळीने वाचतो आणि बाजूला शेरे लिहितो. यालाच कोड रिव्ह्यू म्हणतात. आम्ही शिक्षक वहीच्या समासात लिहितो, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर समाधानकारक झाल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

ही काही कालची टूम नव्हे. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले आणि त्यात अहंकार बाजूला ठेवून आपला प्रोग्राम दुसऱ्याला वाचायला देण्याचा आग्रह धरला. १९७६ मध्ये आयबीएम कंपनीतील मायकेल फॅगन यांनी प्रोग्रामची शिस्तवार तपासणी कशी करावी याची पद्धत प्रसिद्ध केली. पन्नास वर्षांपूर्वीच या मंडळींच्या ध्यानात आले होते की स्वतःच्या प्रोग्रामातील चूक स्वतःला दिसत नाही. आपल्याकडे म्हणतातच, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे.

चूक राहिली तर फार तर काय होईल, असे कोणी म्हणेल. त्याला मी थेरॅक-२५ या यंत्राची हकीकत सांगेन. कर्करोगावर किरणांचे उपचार करणारे हे यंत्र कॅनडात तयार झाले होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा मिळून त्याचे सहा अपघात नोंदले गेले. रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण बसले आणि काही रुग्ण दगावले. टेक्सास राज्यातील टायलर येथे १९८६ मध्ये जे घडले त्याचे कारण पडद्याशी निगडित होते. उपचार दोन प्रकारचे होते. यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीने एका प्रकाराचे अक्षर टाइप केले, चूक लक्षात येताच मागे जाऊन ते दुरुस्त केले आणि पुढे गेली. ही दुरुस्ती सुमारे आठ सेकंदांच्या आत झाली, तर पडद्यावर नवे अक्षर दिसे. आत यंत्राची मांडणी मात्र जुन्या अक्षराप्रमाणे राहून जाई. सावकाश टाइप करणाऱ्याला हा दोष कधीच दिसला नसता. हात बसलेल्या, झपाझप काम करणाऱ्या व्यक्तीच्याच हातून तो उघडा पडला. पुढे झालेल्या अभ्यासात अनेक कारणे निघाली. त्यांतील एक असे, की त्या प्रोग्रामची बाहेरच्या त्रयस्थ माणसाकडून तपासणी झालेली नव्हती. समासात शेरा लिहिणारे कोणी नव्हते.

आता आपण आपल्या उदाहरणाकडे वळू. आपल्याच शाळेतून शिकून गेलेल्या एका मुलीने अशी एक टेस्ट लिहिली होती आणि तिच्यावर चौदा शेरे आले होते. ते शेरे व तिची उत्तरे तिने मला समजावून सांगितली. कंपनीचे काम बाहेर सांगायचे नसते, म्हणून मूळ विषय बदलून मी तेथे शिष्यवृत्तीचा अर्ज घालतो. चौदांपैकी बरेच किरकोळ होते: नावाचे स्पेलिंग, जादा ओळ, ‘टेस्ट १’ ऐवजी अर्थपूर्ण नाव द्या, वगैरे. ते तिने अर्ध्या तासात दुरुस्त केले. पाच शेरे मात्र महत्त्वाचे होते. विद्यार्थ्यांनी ते लक्ष देऊन ऐकावेत.

पहिला शेरा होता, “येथे पाच सेकंद का थांबलात?” बटन दाबल्यावर उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून तिने पाच सेकंद थांबण्याची सूचना लिहिली होती. आता, शेरा आला की वरवर दुरुस्ती करण्याचा मोह होतो. पाच कमी पडत असतील तर दहा लिहावे! पण अशा शंभर जागा असतील तर हजार सेकंद, म्हणजे सोळा-सतरा मिनिटे, नुसते थांबण्यात जातील. शिवाय एखाद्या दिवशी अकरा सेकंद लागले की टेस्ट नापास. दूध तापत ठेवणारी बाई घड्याळाकडे पाहून पातेले उतरवत नाही, दूध वर आले की उतरवते. तिने तसेच केले. ‘संदेश दिसेपर्यंत थांब, दिसताच पुढे जा, आणि ठरलेल्या मर्यादेत दिसलाच नाही तर नापास सांग’ अशी सूचना लिहिली. शेरा एका ओळीवर होता. तिने सबंध टेस्टमध्ये जेथे जेथे हा प्रकार होता तेथे तेथे तो सुधारला आणि उत्तरात तसे नमूद केले. शेऱ्यामागचे तत्त्व ओळखणे ते हेच.

दुसरा शेरा बटन शोधण्याविषयी होता. पानावरील तिसऱ्या चौकटीतील दुसऱ्या ओळीतले पहिले बटन, असा पत्ता तिने दिला होता. “मशिदीमागच्या गल्लीतले तिसरे घर” असा पत्ता दिला आणि मध्ये एक घर नवे बांधले गेले, की पत्र शेजाऱ्याकडे जाते. तपासणाऱ्याचे म्हणणे असे की बटनाला स्वतःची कायमची खूण हवी. पण पान तयार करणारे लोक वेगळे होते; खूण घालणे हिच्या हातात नव्हते. अशा वेळी पुष्कळ मुले शेऱ्याकडे दुर्लक्ष करतात किंवा “हे माझे काम नाही” असे लिहून मोकळी होतात. हिने त्या मंडळींकडे खूण मागितली आणि उत्तरात लिहिले, “मागणी केली आहे, तोवर बटनावर लिहिलेल्या नावाने ते शोधते.” जे आपल्या हातात नाही त्याचेही उत्तर देता येते. काय केले आणि काय बाकी आहे, एवढे स्पष्ट सांगितले म्हणजे झाले.

तिसरा शेरा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तपासणाऱ्याने विचारले, “ही टेस्ट नापास कधी होईल?” ‘अर्ज दाखल झाला’ हा संदेश पडद्यावर दिसला की पास, असे तिने ठरवले होते. शोध घेता कळले, की बटन दाबताच पान तो संदेश दाखवत होते. अर्ज खरोखर जतन झाला की नाही याच्याशी त्याचा संबंधच नव्हता! म्हणजे अर्ज हरवला तरी टेस्ट पासच. पालकांनो, विचार करा. तुमच्या मुलाचा अर्ज हरवला आहे, पडदा म्हणतो दाखल झाला, आणि परीक्षकही म्हणतो सर्व ठीक. शिष्यवृत्ती न मिळाल्यावर तुम्ही दाद कोणाकडे मागणार? तिने टेस्ट बदलली. संदेशानंतर मिळणारा अर्ज क्रमांक घ्यायचा, तो अर्ज पुन्हा उघडायचा, आणि आपण भरलेले नाव त्यात आहे का ते पाहायचे. एवढ्यावर ती थांबली नाही. सरावासाठी ठेवलेल्या प्रतीत तिने जतन करण्याची क्रिया मुद्दाम बंद केली आणि टेस्ट खरोखर नापास होते हे पाहून घेतले. उत्तरात तिने तेच लिहिले. नापास करणे जिला येत नाही, त्या परीक्षेच्या पास शिक्क्याला काय किंमत?

चौथा शेरा एक साधा प्रश्न होता: “पान येथे पुन्हा का उघडले आहे?” कारण तिला माहीत होते. जिल्ह्यांची यादी कधीकधी रिकामी येत असे. पान पुन्हा उघडले की भरत असे. तिने उत्तरात तसे लिहिले. त्यावर तपासणारा म्हणाला, “मग खऱ्या अर्जदाराने काय करायचे?” तेव्हा तिच्या ध्यानात आले की आपली टेस्ट दोष शोधण्याऐवजी त्याच्यावर पांघरूण घालते आहे. तिने ती ओळ काढली आणि यादी रिकामी येण्याचा दोष रीतसर नोंदवला. कधी पास तर कधी नापास होणाऱ्या अशा लहरी टेस्ट ही या क्षेत्राची जुनी डोकेदुखी आहे. गूगल कंपनीने २०१६ साली आपल्याविषयीच जाहीर केले, की त्यांच्या टेस्टच्या सुमारे दीड टक्का फेऱ्यांचा निकाल असा बेभरवशाचा असतो आणि जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये हा दोष थोडाफार आहे. “पुन्हा चालवा, होईल पास” ही सवय लागली, की खरा दोषही त्या सवयीच्या आड लपून जातो.

पाचव्या शेऱ्याला तिने नकार दिला. तपासणाऱ्याने सुचवले होते की महाराष्ट्राचे ३६ही जिल्हे एकेक करून निवडून पाहा. तिने लिहिले, “पडद्यावरून एक अर्ज भरायला अर्धा मिनिट लागतो. छत्तीस जिल्ह्यांना अठरा मिनिटे होतील, आणि ही टेस्ट दर बदलामागे चालते. यादीत ३६ नावे बरोबर आहेत की नाहीत हे पडद्याशिवाय, थेट सर्व्हरला विचारून काही क्षणांत तपासता येते. ती वेगळी टेस्ट मी जोडते. पडद्यावरून एकच जिल्हा तपासू का?” तपासणाऱ्याने हे मान्य केले. पाहा, नकारातही तिने त्याच्या चिंतेचा आदर केला. जिल्हा चुकू नये ही चिंता खरी होती. तिने फक्त अधिक सोयीचा मार्ग दाखवला, कारण दिले, हिशेब दिला आणि शेवटी विचारले.

या पाच शेऱ्यांतून काही नियम निघतात. शेरे आले की आधी सगळे वाचावेत. पहिला वाचून लगेच उत्तर लिहू नये. राग आला असेल तर पाणी प्यावे, जेवण करावे, मग बसावे. शेरा समजला नसेल तर “समजले नाही, उदाहरण द्याल का?” असे विचारावे, त्यात कमीपणा नाही. प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्यावे, अगदी “केले” एवढे एका शब्दाचे का असेना. पण न करता “केले” लिहू नये. एखादा खुलासा पुढच्या वाचणाऱ्यालाही लागणार असेल, तर तो टेस्टमध्येच लिहावा. आपली उत्तरे शोधत तो बसणार नाही. दुरुस्ती करताना भलतेच नवे बदल त्यात घुसडू नयेत, नाहीतर तपासणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागते. दोन-तीन वेळा लिहूनही मत जुळले नाही तर समोरासमोर किंवा फोनवर बोलावे, आणि जे ठरले ते तेथे लिहून ठेवावे. शेवटी टेस्ट एकदा नव्हे, अनेकदा चालवून पाहावी. आणि तपासणाऱ्याचे आभार मानावेत. त्याने आपला वेळ आपल्या कामाला दिलेला असतो.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून टेस्ट लिहून घेता येते, मग एवढा खटाटोप कशाला, असे काही विद्यार्थी विचारतात. टेस्ट कोणीही लिहून देवो, ती आपल्या नावाने पुढे गेली की शेऱ्याचे उत्तर आपणच द्यायचे असते. “ही नापास कधी होईल?” या प्रश्नावर “यंत्राने लिहिली आहे” हे उत्तर चालत नाही. उलट लिहिणे जितके सोपे होत जाईल, तितके वाचणाऱ्या डोळ्यांचे मोल वाढत जाईल.

हे नियम आचरणात आणणे जड का जाते? मला दोन कारणे दिसतात. काही मुले शेरा वाचून रुसतात. तो कामावर आहे हे विसरून स्वतःवर घेतात. काही मुले याच्या उलट करतात. पटो न पटो, “जी सर” म्हणून सगळे मुकाट्याने बदलून टाकतात. घरात पहिल्यांदाच शिकलेल्या मुलांमध्ये हा दुसरा प्रकार अधिक. मोठ्यांना प्रश्न विचारणे म्हणजे बेअदबी, असे आपण त्यांच्या मनावर बिंबवले आहे. रुसणाऱ्याकडून काम सुधारत नाही आणि मान डोलावणाऱ्याकडून ते समजून घेतले जात नाही.

अदबीचा प्रश्न निघाला म्हणून एका गोष्टीची आठवण देतो. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात इमामसाहेब कुराण शरीफ मुखोद्गत म्हणतात. त्यांच्या मागे पहिल्या सफमध्ये दुसरा हाफिज उभा असतो. इमाम अडखळले किंवा एखादा शब्द सुटला, की तो मागून बरोबर शब्द म्हणतो. यालाच आपण लुकमा देणे म्हणतो. लुकमा देणारा कधीकधी वयाने लहान असतो, कधी इमामांचाच शागीर्द असतो. पण त्यावरून कोणी त्याला बेअदब म्हणत नाही आणि इमामांची इज्जतही कमी होत नाही. इमाम मागे वळून कोण बोलला ते पाहत नाहीत. शब्द घेतात, दुरुस्त करतात आणि पुढे जातात. लुकमा फक्त पठणावर दिला जातो, इमामांच्या कपड्यांवर किंवा घराण्यावर नाही. देणारा त्याच जमातीत, त्याच नमाजात सामील असतो. पाठ अचूक व्हावा एवढाच दोघांचा हेतू. चांगला शेरा आणि चांगले उत्तर कसे असावे हे आपल्या मशिदीत आपण दरवर्षी पाहतो. ते दफ्तरात आणि शाळेत घेऊन जायचे, एवढेच बाकी आहे.

आता एका नाजूक मुद्द्याला हात घालतो. तो टाळला तर हे भाषण अपुरे राहील. चौदा शेरे पाहून आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनात येते, “माझे नाव पाहून तर हे लिहिले नसेल?” त्याने किंवा तिने हे तोंडाने म्हटले नाही तरी घरात कोणीतरी म्हणते. जगात भेदभाव नाही, असे मी म्हणणार नाही. घर भाड्याने शोधताना ज्यांनी नकार ऐकला आहे त्यांच्यापुढे तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण संशय हेच उत्तर होऊ शकत नाही. तोही तपासून घेतला पाहिजे. त्यासाठी एक सोपी कसोटी सांगतो. वरचे नाव हाताने झाका आणि शेरा पुन्हा वाचा. “येथे पाच सेकंद का थांबलात?” हा प्रश्न कोणाच्याही टेस्टला लागू पडतो, त्याला जात नाही, धर्म नाही. मग पाहा, शेरा ओळीविषयी आहे की माणसाविषयी? कारण दिले आहे का? इतरांच्या कामाला हीच फूटपट्टी लावली जाते का? बहुतेक ठिकाणी एका गटातल्या सर्वांचे शेरे सर्वांना वाचता येतात, तेव्हा हे पडताळणे अवघड नाही. वरिष्ठ सहकाऱ्याच्या कामावर वीस शेरे दिसले, म्हणजे आपल्या चौदांचे ओझे हलके होते.

पण नाव झाकल्यावरही शेरा टोचत असेल, “तुम्हा लोकांना हे जमत नाही” अशा धाटणीचे काही लिहिले असेल, किंवा फूटपट्टी फक्त आपल्यासाठीच वेगळी असेल, तर तो कोड रिव्ह्यू नव्हे. तेथे गप्प बसण्याचा सल्ला मी देणार नाही. कामाचे उत्तर कामाने द्यावे, आणि झालेला प्रकार तारखा व मजकुरासह लेखी स्वरूपात वरिष्ठांपुढे ठेवावा. ज्याने आजवर प्रत्येक रास्त शेऱ्याला नीट उत्तर दिले आहे, त्याच्या या तक्रारीला वजन असते. ज्याने प्रत्येक शेऱ्यालाच अन्याय म्हटले, त्याचा खरा अन्यायही लोकांच्या कानावरून जातो.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगी फोनवर रडत म्हणाली, “अम्मी, माझ्या कामात चौदा चुका काढल्या,” तर लगेच “सोड ती नोकरी, ये परत” असे म्हणू नका. “तुझ्यात काहीच दम नाही” असेही म्हणू नका. फक्त विचारा, “चौदांपैकी तुला पटल्या किती?” हा एक प्रश्न तिला पुन्हा कामाकडे वळवील. ज्या घरात वडील मुलाला “तू बरोबर बोललास, माझ्या ध्यानात नव्हते” असे म्हणू शकतात, त्या घरातल्या मुलाला शेऱ्याची भीती वाटत नाही.

शाळांसाठीही यात बोध आहे. लाल शाईने तपासलेली वही हातात पडली की विद्यार्थी गुण पाहतो आणि वही दप्तरात टाकतो. शेरा तेथेच मरतो. इयत्ता आठवीपासून एक प्रथा पाडता येईल. निबंधाची वही परत मिळाल्यावर विद्यार्थ्याने प्रत्येक शेऱ्याखाली एका ओळीत उत्तर लिहावे: सुधारले, समजले नाही, किंवा पटले नाही, कारण अमुक. मग शिक्षकाने ती उत्तरे वाचावीत. महिन्यातून एकदा मुलांनी एकमेकांच्या वह्या तपासाव्यात, अट एकच: शेरा वाक्यावर लिहायचा, लिहिणाऱ्यावर नाही. याला पैसे लागत नाहीत, संगणकही लागत नाही. दहावीपर्यंत ही सवय अंगी मुरली, तर पुढे ते मूल टेस्ट लिहो, नकाशे काढो, औषधे तयार करो की न्यायालयात उभे राहो, समासातली लाल शाई पाहून त्याचा हात थरथरणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपण पदव्या मिळवू लागलो, नोकऱ्याही मिळवू लागलो. आता आपले काम चारचौघांसमोर ठेवून “यात काय चुकले ते सांगा” असे म्हणण्याची हिंमत आपण मिळवायची आहे. जे सांगितले जाईल ते ऐकायचे, पटेल ते सुधारायचे, पटणार नाही तेथे अदबीने आणि पुराव्याने नाही म्हणायचे. त्या मुलीची टेस्ट पुढे कामात मिसळली गेली. आणि जिल्ह्यांची यादी रिकामी येण्याचा जो दोष तिने नोंदवला होता, तो त्यानंतरच्या आठवड्यात दुरुस्त झाला. त्या अर्जासमोर रिकामी यादी पाहत बसावे लागले असते अशा किती माणसांचा त्रास त्या एका शेऱ्याने वाचवला, हे ना शेरा लिहिणाऱ्याला कधी कळेल, ना उत्तर देणारीला.

 माझ्या या भाषणावरही कोणाला शेरे लिहायचे असतील तर जरूर लिहून द्यावेत. प्रत्येकाला उत्तर मिळेल. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.